तुझ्याकडची अर्धी किल्ली

सोलापूर
१२ जानेवारी २०२४

चि. बसवराज यास,

माझा नंबर तू बंद करून टाकला आहेस हे मला फार उशिरा कळलं. मी समजत होते, जहाजदुरुस्तीच्या यार्डात आवाज असेल, ऐकू जात नसेल. परवा एका विद्यार्थिनीच्या फोनवरून लावला तर पहिल्या रिंगला उचललास, आणि माझं "बसू" ऐकल्याबरोबर ठेवून दिलास. वास्कोचा पत्ता तिप्पण्णामामानं दिला. म्हणून हे पत्र, रजिस्टर करून, पोचपावतीसह. पोस्टातल्या बाईंनी पाकीट उलटंसुलटं करून विचारलं, "म्याडम, कोर्टाची नोटीस हाय काय?" मी म्हटलं, भावाला पत्र आहे. त्या म्हणाल्या, "मग जागेची भानगड असंल."

जागेची नाही. सरळ कामाचं लिहिते.

११ फेब्रुवारीला अव्वाला जाऊन वर्ष होईल. मागच्या वर्षी तू गावाहून, दुधनीहून निघालास, त्या सकाळी स्टेशनावर मी तुझ्या हातात एक पांढरं पाकीट दिलं होतं. तू ते न बघताच खिशात घातलंस. त्यात एक कागद आहे, माझ्या हातानं लिहिलेला. चोवीस शब्द आहेत. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, वाचून तुला मी वेडी झाले असं वाटेल. ते शब्द जसेच्या तसे, त्याच क्रमानं, मला लिहून पाठव. एवढंच काम.

कशासाठी, तेही सांगते. त्या वेळी तू माझं काही ऐकून घ्यायला तयार नव्हतास. जाण्याआधी तीन आठवडे अव्वानं माझ्या फोनवर बोलून ठेवलंय. नऊ मिनिटं बारा सेकंद. दार लावून, एकटीनं. मी ते ऐकलेलं नाही. ते मी कुलूपबंद करून ठेवलं आणि त्या कुलपाची किल्ली दोघांत वाटली. अर्धी माझ्याकडे आहे, अर्धी तुझ्या पाकिटात. आपण दोघांनी एकत्र बसून ऐकावं अशी तिची इच्छा होती.

माझं विद्यापीठातलं काम हेच आहे हे तू विसरला नसशील. पीएचडीनंतरची ही दोन वर्षांची फेलोशिप मला गुपितं वाटून ठेवण्याच्या रीतीवरच मिळाली आहे. एखादं गुपित अनेकांत असं वाटायचं की सगळे एकत्र आल्याशिवाय ते कुणालाच कळू नये. अव्वा गावात सांगायची, "माझी ल्येक राजी कुलपाचं शिकवती." त्यावर मामानं मला कपाटाची हरवलेली किल्ली करायला बोलावलं होतं आणि तू आठवडाभर हसत होतास.

तू मनात काय धरून बसला आहेस ते मला माहीत आहे. पण बाबा रे, शपथ मला अव्वानंच घातली होती. ती जाण्याआधीच्या सप्टेंबरात, तिच्या आजाराचा रिपोर्ट हातात आला त्याच दिवशी. "बसूला काय सांगू नगं. पोरगं पाण्यावर हाय, त्याचं ध्यान मशिनीत राहू दे." हे तिचे शब्द आहेत. मी ते पाळले. पाळले म्हणून मीच वाईट झाले.

गड्ड्याची यात्रा भरली आहे. होम मैदानाकडे मी अजून गेले नाही. अकरा तारखेच्या आत शब्द मिळाले तर बरं होईल.

राजेश्वरी


सोलापूर
३ मार्च २०२४

बसवराज,

पोचपावतीचं कार्ड परत आलं. त्यावर तुझी सही आहे आणि तारीख आहे, बाकी काही नाही. सही तुझीच आहे. तो 'ब' मी पाटीवर तुझा हात धरून गिरवून घेतला होता, मला ओळखू येणार नाही का? कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे. वर्षभरात तुझ्याकडून आलेली ती एकच वस्तू आहे.

अकरा तारीख झाली. जंगम आले, पूजा झाली, गव्हाची हुग्गी केली होती. पंक्तीत जो तो विचारत होता, बसू कुठं आहे. मी सांगत होते, जहाजावर आहे. शेवटी मामा मला आडोशाला घेऊन म्हणाला, "राजी, किती दिस सांगणार हायस जहाजावर हाय म्हणून? जहाजाला बी कवातरी काठ लागतो की."

त्याला सगळं माहीत आहे. तू जहाज सोडलंस, दुरुस्तीच्या यार्डात लागलास, गोव्यात खोली घेतलीस, हे त्यानंच मला सांगितलं. तू त्याच्याशी बोलतोस. मला राग आला हे लिहून टाकते. बाबा गेले तेव्हा तू सात वर्षांचा होतास आणि मी सोळा. तुझी दप्तरं, तुझे दात, तुझी अ‍ॅडमिशनं, सगळं मी केलं, मामानं नव्हे.

तुला कदाचित वाटत असेल की कुलपाचं शिकवणारीला स्वतःचंच कुलूप उघडता येऊ नये हे नाटक आहे. नाटक नाही. समजा गुपित आहे सात. मी तुला पाच दिले आणि स्वतःकडे दोन ठेवले. तू पाचाकडे जन्मभर बघत बसलास तरी सात होते की नऊ की बारा, तुला सांगता येणार नाही. माझ्या दोनाचंही तेच. लोकांना वाटतं, अर्धी किल्ली म्हणजे निम्मी माहिती. तसं नसतं. अर्धी किल्ली म्हणजे काहीही नाही. वर्गात हे सांगताना मला इतकी वर्षं फार मजा यायची.

तुझे चोवीस शब्द मी दोन हजार शब्दांच्या यादीतून फासा टाकून काढले. फासा तुझ्या सापशिडीचा होता, तोच, एका कोपऱ्याला चावलेला. कागद छापला नाही, कारण प्रिंटरच्या पोटात छापलेलं राहतं. जेल पेननं हातानं लिहिला. फोनमधलं मूळ रेकॉर्डिंग असं पुसलं की कुणालाच परत आणता येऊ नये. आमचे पंचाक्षरी सर, ज्यांच्या हाताखाली मी काम करते, त्यांना हे सांगितलं तर ते चष्मा काढून माझ्याकडे बघतच राहिले. "अगं, घरातलंच होतं ना? एक प्रत ठेवायची की पेटीत." मी म्हटलं, सर, प्रत ठेवली तर वाटणीला अर्थ काय राहिला? ते म्हणाले, "परीक्षेत हे उत्तर बरोबर आहे."

व्हिडिओ कॉलचंही तुला सांगायला हवं. केस गेल्यावर अव्वा पदर कपाळापर्यंत ओढून बसायची. मी तिच्या पाठीशी दोन उशा लावायचे, दिवा समोरून घ्यायचे, म्हणजे गाल भरलेले दिसावेत. तुझं नेट तुटक असायचं. तू म्हणायचास, "अव्वा, बारीक दिसालीस," आणि मी मागून म्हणायचे, तुझाच कॅमेरा बारीक आहे. ती हसायची. फोन बंद झाला की लगेच आडवी व्हायची.

नऊ जानेवारीबद्दल मी आत्ता लिहिणार नाही.

शब्द पाठव.

राजेश्वरी


सोलापूर
२१ एप्रिल २०२४

बसू,

दुसरं कार्डही आलं. पुन्हा नुसती सही.

सोलापूर तापलं आहे. जुळे सोलापूरच्या माझ्या खोलीत दुपारी बसवत नाही म्हणून रविवारी सुद्धा विद्यापीठात येते. परवा वर्गात ऋतुजा म्हणून एक मुलगी आहे, वैरागची, फार हुशार, तिनं हात वर केला. "म्याडम, दोघांतला एकजण मेला तर?" मी म्हटलं, तर गुपित गेलं. "आन दोघांचं भांडण झालं तर?" वर्ग हसला. मी पुस्तकातलं उत्तर दिलं, की म्हणूनच शहाणी माणसं तीन वाटे करतात आणि त्यातले कुठलेही दोन पुरतील असं ठरवतात. ती म्हणाली, "मग दोनच वाटे करणारी माणसं कशापायी करत असतील?" मी तास दहा मिनिटं आधी सोडला.

म्हणून मागच्या वर्षीच्या नऊ जानेवारीबद्दल लिहिते.

तुला माहीत आहे ते आधी. तुझं जहाज दोन दिवस न्हावाशेव्याला लागलं होतं. तू फोन केलास. "अक्का, दोन दिस हितंच हाय बघ. क्याप्टन सोडतो म्हणतोय. रातच्याला गाडी धरली की सकाळी सोलापूर. येऊन जाऊ का?" मी म्हटलं, कशाला उगीच धावपळ, अव्वा बरी आहे, एप्रिलमध्ये येणारच आहेस की. तू म्हणालास, "तिला फोन दे." मी म्हटलं, झोपली आहे.

ती झोपलेली नव्हती. मी तिला चमच्यानं अंबील पाजत होते. वाटी माझ्या मांडीवर होती. तिनं विचारलं, "कोण हाय गं?"

मी म्हटलं, विद्यापीठातून.

हे तुला माहीत नव्हतं. आता पुढचं. त्याच्या आधी आठ दिवसांपासून ती तुला बोलव म्हणत होती. सप्टेंबरातली शपथ तिनं स्वतःच सोडवली होती. "सुटली म्हण, राजी. सुटली, सुटली, सुटली. आता बसूला बोलाव की." रोज म्हणायची. मी रोज सांगायचे की निरोप दिला आहे, तो निघाला आहे, समुद्रातून यायला वेळ लागतो. नऊ तारखेनंतर तिनं विचारणं थांबवलं. तिला कळलं होतं का, हे मला माहीत नाही. अव्वाला माणसाच्या आवाजातलं कळायचं.

पहिल्या पत्रात मी शपथेची ढाल पुढे केली. ती शपथ जानेवारीच्या पहिल्याच तारखेला संपली होती.

का केलंस, असं तू विचारशील. डॉक्टर म्हणाले होते, उन्हाळा निघेल. मला वाटलं, एप्रिल गाठू. तोवर तुला हळूहळू सांगू. तू अचानक दारात उभा राहिलास आणि खाटेवर तिला बघितलंस, तर चार महिने मी जे जे बोलले ते सगळं एका नजरेत उघडं पडणार होतं. माझी भीती एवढीच होती. छत्तीस वर्षांची बाई, मुलांना शिकवते, परिषदांना जाते, आणि धाकटा भाऊ रागावेल म्हणून घाबरली. मी दुसरं कारण शोधून पाहिलं, बसू. मिळालं नाही.

तू पाचव्या दिवशी आलास. आपल्यात माती द्यायला थांबत नाहीत. ती गेली त्याच दिवशी दुपारी, दुधनीच्या वावरात, विभूती लावून, हातात लिंग देऊन, तिला मातीत बसवलं होतं. तू मातीच्या ढिगासमोर उभा राहून मला एकच विचारलंस, "अक्का, नऊ तारखेला ती कशी होती?" आणि मी म्हटलं, बरी होती. तेव्हाही.

तुझी सही मला पुरते. पण शब्द पाठव.

राजी


सोलापूर
९ जून २०२४

बसू,

तिसऱ्या कार्डावर सही करताना पेन इतकं दाबलं आहेस की कार्ड फाटलं आहे. ही सही करताना तू आतलं पत्र वाचलेलं नसणार. पाकीट हातात येण्याआधी सही घेतात. म्हणजे हा राग आधीच्या पत्रांचा आहे. नऊ तारखेचं वाचल्यावर काय झालं असेल ते मला कार्डावरून कळायचं नाही.

हे पाकीट जाड आहे. काय आहे ते सांगण्याआधी आणखी एक खोटं परत घ्यायचं आहे.

दोघांनी एकत्र बसून ऐकावं, असं अव्वा कधीच म्हणाली नव्हती.

२१ जानेवारीला, मागच्या वर्षी, दुपारी चारच्या सुमाराला तिनं मला हाक मारली. त्या दिवशी तिला जरा बरं वाटत होतं, वेणी नसली तरी सवयीनं कंगवा मागून घेतला होता. म्हणाली, "तुजा फोन दे. आवाज धरायचं ते चालू कर. आता भायेर जा आन दार लाव. ऐकू नगंस. ह्ये बसूचं हाय." नंतर दार उघडून तिनंच फोन माझ्या हातात ठेवला. भिंत धरून चालत आली होती. म्हणाली, "त्येला दे."

एवढंच. त्येला दे. तुला द्यायचं होतं, पूर्णच्या पूर्ण. माझा त्यात वाटाच नव्हता.

चार दिवस तो फोन मी पर्समध्ये घेऊन विद्यापीठात जात येत होते. माझ्या डोक्यात एकच होतं. तिनं त्यात सांगितलं असेल की मी अक्काला म्हटलं होतं तुला बोलव, अक्कानं बोलावलं नाही. पुसून टाकावं असंही एकदा मनात आलं. पुसलं नाही. ऐकावं असं शंभरदा आलं. ऐकलं नाही, ती म्हणाली होती म्हणून. तिचं एवढं एकच मी ऐकलं.

मग मला जे येतं ते मी केलं. दोन वाटे केले. ऋतुजानं विचारलं होतं ना, दोनच वाटे करणारी माणसं कशासाठी करतात. एकाला दुसऱ्याशिवाय पुढं जाता येऊ नये म्हणून करतात. तू माझ्याशी बोलल्याशिवाय तुला अव्वाचा आवाज मिळू नये म्हणून मी तो बांधून ठेवला. त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की हे सुरक्षिततेसाठी आहे. सरांना सांगितलं, वाटणीला अर्थ राहावा म्हणून. आणि मग तुलाच पत्रं लिहून तुझा अर्धा भाग मागत बसले, म्हणजे उघडलं तर माझ्याच समोर उघडेल. तू मला कधी माफ केलं असतंस की नाही ते मी अडवलं नाही, बसू. तुझी आई मी अडवली.

पाकिटात एक पेन ड्राइव्ह आहे. त्यात कुलपातलं रेकॉर्डिंग आहे आणि ते उघडायचा प्रोग्रॅम. सोबतच्या कागदावर माझे चोवीस शब्द आहेत. वरच्या रकान्यात माझे घाल, खालच्यात तुझ्या पाकिटातले. बाकी ते आपोआप होईल, तुला कुणाची मदत लागणार नाही. मी कशाचीही प्रत ठेवलेली नाही. या वेळी खरंच योग्य कारणासाठी ठेवलेली नाही.

आता दोन्ही वाटे तुझ्याकडे आहेत. एकटा बस आणि ऐक. तिनं माझ्याबद्दल जे सांगितलं असेल ते खरं आहे. मला काय आहे ते कळवायची गरज नाही. बोलायची तर नाहीच.

फेलोशिप जुलैअखेर संपते. पंचाक्षरी सरांनी मुदतवाढीचा फॉर्म टेबलावर ठेवला आहे. अजून भरला नाही.

अक्का


सोलापूर
१४ जुलै २०२४

बसू,

चौथं कार्ड २ जुलैला आलं. सही आणि तिच्याखाली, छापील ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात तू लिहिलंस:

"तुझं पाकीट मी अव्वापाशी पुरलं. न फोडता."

पोस्टमन निघून गेल्यावर मी ती ओळ जिन्यातच पुन्हा वाचली. पहिल्यांदा आनंद झाला, खोटं कशाला सांगू. दीड वर्षानं तुझं अक्षर आलं होतं. मग अर्थ पोचला. आणि मग हेही पोचलं की हे लिहिताना चौथं पत्र तुझ्या हातात न फोडलेलं होतं. म्हणजे तू लिहिलंस आणि वर खोलीत जाऊन वाचलंस, की जे पुरलं ते एकट्या तुझ्यासाठीचं होतं.

ते तू का पुरलंस हे मला कळतं. तुला वाटलं असेल, अक्कानं आणखी एक कारण लिहून दिलं. माझी कारणं तू कुणाला नेऊन देणार? तिलाच. स्टेशनावर मी पाकीट दिलं आणि पाठ फिरवली. तू गाडीत बसलाच नव्हतास ना? मामा आता सांगतो, तू दुपारच्या गाडीनं गेलास. मधले दोन तास तू वावरात, अव्वापाशी होतास.

दुसऱ्या दिवशी मी दुधनीला गेले. खुरपं शेजारच्या निंगप्पाच्या घरातून घेतलं. कुठं पुरलं ते तू लिहिलं नव्हतंस, पण तू लहानपणी गोट्यासुद्धा दगडाखाली पुरायचास, म्हणून दिवा ठेवतो तो दगड सरकवला. माती ओली होती, काळी, खुरप्याला चिकटणारी. तिच्या पायाशी असं उकरायला मला लाज वाटत होती. मामा बांधावर येऊन उभा राहिला. थोड्या वेळानं खाली उतरला आणि म्हणाला, "बाजूला हो, मी काढतो. खुरपं दे."

वीतभर खाली सापडलं. पाकीट उरलं नव्हतं. कागदाची घडी होती, चारपदरी, हलक्या हातानं सोडवली तरी दोन ठिकाणी तुटली. एक पावसाळा पूर्ण आणि दुसऱ्याचा महिना त्यानं सोसला होता. जेलची शाई पाण्यात विरघळते. प्रिंटरवर छापला असता तर अक्षरं राहिली असती. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला असता तरी राहिली असती. साध्या बॉलपेननं लिहिला असता तरी काही राहिली असती. माझ्याएवढी काळजी न घेणाऱ्या कुणीही तो लिहिला असता, तर तू आज तिला ऐकलं असतंस.

विद्यापीठात आणून वाळवला, भिंगाखाली पाहिला, फोटो काढून रंग वेगळे केले. पंचाक्षरी सर माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसले. तीन शब्द वाचता आले. ताक. पायरी. सुई. बाकी एकवीस जागी निळसर डाग आहेत. तीन शब्दांत अर्थ शोधू नकोस, मीही शोधून झाले. ते फाशातून आलेले आहेत.

एकवीस शब्द अंदाजानं काढता येतील का, हे मी तुला सांगायला हवं, कारण तू विचारशील. नाही. जगातले सगळे संगणक लावले तरी नाही. मी केलेलं कुलूप चांगलं होतं. सर म्हणाले, "राजेश्वरी, बस कर आता." मुदतवाढीचा फॉर्म त्यांनी स्वतःच टेबलावरून उचलून नेला. नंतर भर म्हणाले, मी हो म्हटलं नाही. एक गोष्ट मला आता वर्गात सांगता येणार नाही, की यात फार मजा असते.

तर अव्वाचं बोलणं गेलं. मी घालवलं. तू पुरलंस त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नकोस, तुझ्या हातात काय आहे ते मीच तुला सांगितलं नव्हतं. तिनं साध्या फोनवर, साधं बोलून, माझ्या हातात दिलं होतं. त्येला दे म्हणाली होती.

माझ्याकडे फक्त एवढंच उरलं आहे, ते देते.

ऐकू नगंस म्हणाली होती, म्हणून मी दारापासून लांब स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पण घर केवढं आहे ते तुला माहीत आहे. शब्द कळत नव्हते, आवाज येत होता. कन्नडमध्ये बोलत होती, हे लयीवरून कळत होतं. तुझ्याशी ती कन्नडच बोलायची, माझ्याशी मराठी, का ते मी कधी विचारलं नाही. सुरुवात मात्र स्पष्ट ऐकू आली, कारण फोनवर ती नेहमी मोठ्यानं सुरू करायची. "बसू, ऊटा आतेनो?" जेवलास का रे. त्यानंतर ती थांबली. तू उत्तर देशील एवढा वेळ थांबली. मग पुढं बोलायला लागली.

तुझं नाव आणखी दोनदा आलं. एकदा ती हसली, मनापासून, खोकला येईपर्यंत. पाणी प्यायली, तांब्या ठेवल्याचा आवाज आला. मधे इतका वेळ शांत होती की मला वाटलं संपलं, आणि मी ओट्यावरचा हात काढला, तेवढ्यात पुन्हा सुरू झाली. शेवटी आवाज बारीक होत गेला. रडत नव्हती. रडली असती तर मला कळलं असतं.

बसू, मला इथं आणखी एक वाक्य लिहिता आलं असतं. की ती म्हणाली, "अक्काग बैब्याड." अक्काला रागावू नको. मी आठ दिवस हे पत्र लिहिते आहे आणि रोज ते वाक्य कागदावर येतं आणि मी खोडते. तू विश्वास ठेवला असतास. खोटं ठरवायला आता जगात काहीच शिल्लक नाही, त्याची व्यवस्था मीच करून ठेवली आहे. आणि ती तसं म्हणाली असेलही. म्हणायचीच ती, आपण भांडलो की दोघांनाही, वेगवेगळं गाठून.

पण ते मी ऐकलेलं नाही.

अक्का